समोरून आलेला पीळ

तिला सगळे मधली म्हणत. भावंडांत मधली म्हणाल तर ती आईबापांची एकुलती एक होती, आणि सासरी दोन सुनांमधली धाकटी. मधली हे तिच्या कामाचं नाव होतं. दोरघरात दोन टोकांना दोन भांडलेली माणसं उभी राहत आणि त्यांच्या मधून, हातात तीन खाचांचं लाकूड धरून, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाई. काम एवढंच. पण त्या कामापायी तिच्याशी चढ्या आवाजात बोलायची गावात कोणाची टाप नव्हती.

गाव तसं मूठभर. ही माणसं फार पूर्वी दुसरीकडून कुठून तरी येऊन या डोंगरावर राहिली. त्यांची बोली वेगळी, देवाला हाक मारायची रीत वेगळी. समोर खोल दरी, दरीच्या पल्याड शहर. शहरातले लोक यांना पलीकडचे म्हणत, आणि गंमत म्हणजे हेसुद्धा शहरवाल्यांना पलीकडचेच म्हणत. पोटापुरतं शेत इकडे होतं, बाकी दुकान, दवाखाना, कामधंदा सगळं तिकडे. दोहोंच्या मधे तो दोरांचा पूल.

पुलाचा एकेक दोर म्हणजे गावातलं एकेक मिटलेलं भांडण होतं. इथे कोणाचं बिनसलं आणि ते चार शब्दांत निवळेना, की दोघांना दोरघरात बोलवत. प्रत्येक घरातून तागाची एकेक जुडी येई, ज्यांचा भांडणाशी काडीचा संबंध नाही त्यांच्याही घरून, कारण उद्या त्या दोरावरून सगळेच जाणार होते. दोन टोकांना दोन लाकडी फिरक्या. भांडलेल्यांनी त्या फिरवायच्या आणि फिरवता फिरवता मनात असेल नसेल ते सगळं मोठ्याने बोलायचं. समोरच्याने उत्तर द्यायचं नाही, नुसती फिरकी फिरवत राहायची. मग त्याची पाळी. बोलायचं संपलं तरच थांबायचं. एकाने जोर लावला आणि दुसऱ्याने हात आखडता घेतला तर दोराला लगेच गाठी पडत, म्हणून शिव्या देतानासुद्धा समोरच्याच्या हाताकडे बघावंच लागे. बाकी गाव दाराबाहेर बसून राही.

मधलीच्या कानांत तागाचे बोळे असत. कोणाचं खरं, कोणाचं खोटं हे तिने ऐकायचंच नाही. तिन्ही पेड खाचांमधून सरकत, मागे त्यांचा दोर होत जाई, आणि दोन्ही बाजूंनी पीळ आला का, एवढंच तिने हाताने ओळखायचं. शेवटी दारात येऊन ती एकच शब्द बोले, "आला." मग तो दोर पुलावर चढे.

शहरातल्या कोर्टाचा अनुभवही गावाने घेतला होता. दोन चुलतभाऊ बांधावरून भांडत तिकडे गेले. वकिलांची भाषा दोघांनाही कळेना. बाहेर बाकावर बसल्यावर एकाने दुसऱ्याला विचारलं, "माझा तो काय म्हणाला रे?" दुसरा म्हणाला, "मला माझाच कळला नाही." हसत हसत दोघं घरी आले, पण बांध होता तिथेच होता. त्यांचा दोर अजून पुलाच्या उजव्या अंगाला आहे. त्याला बांधाचा दोर म्हणतात. तसाच एक कोंबडीचा आहे, एक सासूसुनेचा आहे, आणि सासूसुनेचा सगळ्यात जाड.

मनात अढी ठेवून वळलेला दोर पुलावर चढला तर तो माणसांना घेऊनच खाली जाणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं. पूर्वी तसं घडलंही होतं म्हणे. कोणाच्या आजोबांच्या वेळी, असं विचारलं की जो तो दुसऱ्याच्या आजोबांकडे बोट दाखवी.

आता तुम्ही म्हणाल, भांडलेल्यातला एक जण मरून गेला तर? तर तेही मिटवावंच लागे. मेलेल्याची फिरकी मोकळी सोडत. तिला कोणी हात लावायचा नाही. जिवंत माणसाने आपली फिरकी फिरवायची, बोलायचं ते बोलायचं. एका बाजूने फिरवलं तरी दोर तयार होतो, त्यात नवल काही नाही. पण समोरून पीळ आला की नाही हे फक्त मधलीला कळे, आणि ती "आला" म्हणाली की माणूस रडून मोकळा होई.

आणि इथेच मधलीच्या पोटात एक गोष्ट होती. तिच्या उभ्या आयुष्यात मोकळ्या फिरकीकडून कधी काही आलं नव्हतं. जिवंत माणसांचा पीळ तिला चांगला कळे, त्यात ती कधी चुकली नाही. पण मेलेल्यांच्या वेळी हाताला लागे ते नुसतं लाकूड. तरीही दरवेळी ती दारात येऊन "आला" म्हणत असे. समोर रडून डोळे सुजलेलं माणूस उभं असताना दुसरं काय म्हणणार? दया म्हणा, भीती म्हणा. तिला स्वतःला ती दयाच वाटत होती.

हे एका माणसाला माहीत होतं. तिची जाऊ, थोरली.

लाकूड आधी थोरलीच्या हातात होतं. दोघी जावा पाठोपाठच लग्न होऊन या घरात आल्या, आणि सासूने दोघींना सोबतच दोरघरात बसवून ताग विंचरायला शिकवलं. धाकटीला भारी घाई. ती भराभरा विंचरायला लागली की थोरली न बोलता तिचं मनगट धरी आणि अंगठ्याने दोनदा दाबी. हळू, हळू. सासूसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून ही दोघींची खूण. ते दिवस चांगले होते. दोघी एका ताटात जेवत आणि सासूच्या चालीची नक्कल करून पदराआड हसत.

सासू गेली आणि लाकूड थोरलीकडे आलं. तिचा हात फार हुशार होता. पण एकदा सुताराची बायको आपल्या मेलेल्या बहिणीशी दोर वळायला उभी राहिली. दोघींचं आयुष्यभर पटलं नव्हतं. दिवसभर ती बिचारी फिरवत राहिली, बोलून बोलून तिचा आवाज बसला, आणि शेवटी थोरली दारात येऊन म्हणाली, "नाही आला." तोवर गावात हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. सुताराची बायको दांडा सोडून बाहेर आली. पायात चपलाही न घालता ती पुलावर गेली, पलीकडे उतरली, आणि पुन्हा ती कोणाला दिसली नाही. ना शहरात, ना दरीत.

गाव थोरलीवर उलटलं. जीभ जराशी वळवली असती तर काय बिघडलं असतं, असं सगळे म्हणाले. तिच्या हातून लाकूड काढून घेतलं आणि धाकटीच्या हातात दिलं. धाकटीने ते घेतलं. पहिल्याच मेलेल्याच्या दोराला ती "आला" म्हणाली, आणि संध्याकाळी चुलीपाशी थोरलीने तिच्याकडे बघत विचारलं, "खरंच आला?"

"आला म्हणाले ना."

"हाताला आला नाही तुझ्या. नुसता तोंडाला आला."

थोरली तिच्याशी बोलली ते हे शेवटचं वाक्य. त्यानंतर घराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली, एका चुलीच्या दोन झाल्या. दोघींचे नवरे एकामागोमाग गेले, तरी भिंत हलली नाही. थोरलीची मुलगी तेवढी दोन्हीकडे वावरे. सकाळी आईकडे जेवायची, संध्याकाळी काकूकडे, आणि दोघींकडे दुसरीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. त्यामुळे तिला दोन्हीकडे जास्तच वाढलं जाई. मोठी होऊन ती शहरातल्या शिंप्याच्या दुकानात काजंबटणं करायला लागली. रोज पुलावरून जायची, पुलावरून यायची.

ज्याच्या स्वतःच्या मनात अढी आहे त्याने लाकूड धरू नये, ही रीत मधलीला काय माहीत नव्हती? पण तिला कोण विचारणार? विचारायचा मान तिचाच होता.

थोरली तापाने गेली. त्या दुपारी मधली फळ्यांच्या अलीकडे पाट घेऊन बसली होती. पलीकडचा श्वास तिला ऐकू येत होता. उठून दार ओलांडायला कितीसा वेळ लागला असता! पण ती हाकेची वाट बघत राहिली. हाक आली नाही आणि श्वासही थांबला. त्या पाटावर आपण का बसून राहिलो, याने पुढे तिचं काळीज रोज कुरतडलं जाई.

आणि मग भर दुपारी, सगळं घर रिकामं असताना, फळ्यांच्या पलीकडून ताग विंचरल्याचा आवाज यायला लागला. सावकाश, एकसारखा. मधलीने उंदरांसाठी सापळा लावला. सापळ्यातला तुकडा तसाच राहिला आणि आवाजही तसाच. एका सुट्टीच्या दुपारी पुतणी अंगणात बसून केस वाळवत होती. ती सहज म्हणाली, "काकू, तिकडे आईची फणी कोण वापरतंय गं?" मधलीने फळ्यांकडे पाठ केली. ती म्हणाली, "उंदीर असतील." पुतणी म्हणाली, "बरे नीटनेटके उंदीर आहेत."

त्याच सुमारास पूल घुमायला लागला. वाऱ्याचं नाव नाही, झाडाचं पान हलत नाही, आणि पुलातून एक बारीक, लांब सूर निघे. तोंड मिटून कोणी हुंकार देत राहावं तसा. कुत्री पुलाशी येऊन परत फिरत. सकाळी कोरड्या उन्हात एखादा दोर हाताला ओला लागे. गवंडी तर म्हणाला, पुलावर पाय ठेवला की खालून कोणीतरी श्वास रोखून धरतंय असं वाटतं. हा गवंडी म्हणजे गावातला एकटा माणूस, जो पुलावरून जाताना एकच हात दोराला लावी आणि दुसरा हात खिशात ठेवी. लोक त्याची चेष्टा करत, की खिशात बिस्किटं आहेत आणि ती कोणाला द्यायची नाहीत.

गाव दोरघरापुढे जमलं. कोणाचं तरी राहिलंय, हे सांगायला कोणी शहाणा लागत नव्हता. मग काय विचारता! माणसं पटापट कबूल व्हायला लागली. एकीने शेजारणीच्या कोंबडीची अंडी उचलली होती. एकाने भावाची छत्री हरवून चोराच्या माथी मारली होती. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी लहानपणच्या एका फुटक्या बाहुलीवरून एकमेकींवर डूख धरून बसल्या होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरी विसरली. मधली रोज लाकूड घेऊन चालत होती, दोरांची चवड लागली, गावात इतका गोडवा कधी आला नव्हता. पूल मात्र घुमतच राहिला, आणि मधली मूग गिळून गप्प.

मग एके दिवशी पुतणी दुकानातून परत आली ती पांढरीफटक. पुलाच्या मधोमध तिच्या पायाखालची फळी एकाएकी खाली गेली होती. दोर तुटला नव्हता, नुसता सैल पडला आणि पुन्हा ताठ झाला.

"मी पडले नाही, पण खालून आवाज आला गं. कोणी हाक मारत नव्हतं, नुसतं थांबलं होतं. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं."

"उद्यापासून जाऊ नकोस."

"आणि काय करू? इथे कोणाच्या सदऱ्याला बटणं लावू? किती दिवस जाणार नाही? आणि बाकीचे?"

मधलीने पोरीकडे पाहिलं. तिच्या बोटांना सुया टोचल्याचे डाग होते आणि हनुवटी थेट थोरलीची. दोघींच्या हट्टापायी ही एक दिवस दरीत जाणार, हे मधलीला तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं की तिला बसवेना. ती उठून तशीच बाहेर पडली आणि विहिरीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं राहिलंय. थोरलीशी."

कोणी आश्चर्य दाखवलं नाही. एक शेजारीण म्हणाली, "आम्ही वाटच बघत होतो, मधले. पण तुला कोण म्हणणार?"

प्रश्न एवढाच उरला, की लाकूड कोणाच्या हातात द्यायचं. मधे चालणारं माणूस दोन्ही बाजूंचं असावं, अशी रीत. तसं गावात एकच होतं. पुतणी घाबरली, पण तिने लाकूड घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या जुड्या आल्या. मधलीने पोरीच्या कानांत स्वतःच्या हाताने बोळे घातले. इतकी वर्षं ती या लांबलचक घरात मधून चालली होती, टोकाला कधी उभी राहिली नव्हती. टोकावरून दोरघर वेगळंच दिसत होतं. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या खाली आल्या होत्या, तागाची धूळ त्यांतून फिरत होती, आणि पार पलीकडे, अंधाऱ्या बाजूला, ती मोकळी फिरकी. दार लागलं. मधलीने दांडा धरला.

आधी तक्रारी आल्या, आणि त्या सोप्या होत्या. "एका घरात राहून तोंड फिरवलंस. माझा नवरा गेला त्या दिवशीसुद्धा भिंतीपलीकडून खोकलीस फक्त. तुझ्या पोरीला मी न्हाऊमाखू घातलं, ते तुला चाललं. मी दिलेलं कालवण तू पोरीच्या हातून खाल्लंस आणि मीठ जास्त आहे असा निरोप पाठवलास!" हे बोलताना तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. पुतणी लाकूड धरून पावलापावलाने सरकत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं.

फिरवता फिरवता तक्रारी संपल्या. हात दुखायला लागले. अजून दोर अर्धा बाकी होता आणि बोलायला शिल्लक होतं ते एकच.

"जाऊबाई, मेलेल्यांचा पीळ माझ्या हाताला नाही यायचा. कधीच नाही आला. मी सगळ्यांना आला म्हणून सांगितलं. तुझं खरं होतं. सुताराची बायको गेली तेव्हा सगळे तुझ्यावर तुटून पडले, आणि मी गप्प बसले, कारण मला ते लाकूड हवं होतं. आणि तू जात होतीस तेव्हा मी पाटावर बसून होते. दार उघडंच होतं, मी आले नाही."

पलीकडची फिरकी अंधारात होती. ती हलते आहे की नाही हे मधलीला दिसत नव्हतं, आणि तिने बघितलंही नाही. ती फिरवत राहिली, आणि मनात काही म्हणजे काहीच उरलं नाही तेव्हा थांबली.

पुतणीने दार उघडलं आणि बाहेर जमलेल्यांना म्हणाली, "आला."

लोकांनी सुस्कारे सोडले. कोणी मधलीच्या पाठीवर हात ठेवला. तिला मनातून बरं वाटलं, पण त्या बऱ्या वाटण्यात थोडं हसूही होतं. शिकली पोर, तिला वाटलं. आपण जे इतरांसाठी केलं तेच हिने आपल्यासाठी केलं. दोर वळणाऱ्यांनी आपल्याला कधी उलटून विचारलं नाही, तर आपणही विचारायचं नाही. दोन्ही फिरक्यांचे दांडे रीतीप्रमाणे ओल्या फडक्याने पुसून तिने दोरघराला कडी लावली.

दोघी हौदावर हात धुवायला गेल्या. पुतणी कानातले बोळे काढत कुरकुरली, "काकू, तू आधी सांगायला हवं होतंस. लाकूड पडलंच असतं माझ्या हातून."

"काय सांगायला?"

"की मनगट धरतं म्हणून." तिने हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा तांबूस वळ होता. "तुला सवयीचं असेल. मला काय माहीत? अर्ध्यावर आले तर गार हात लागला, आणि दोनदा दाबलं. असं. मी घाईने चालत होते ना, हळू म्हणत असावं. तू रोज हे कसं सोसायचीस गं?"

मधली हौदाच्या कडेवर बसली. तोटीतून पाणी वाहून चाललं होतं, ते बंद करायचं तिला सुचलं नाही. पोरीला ही खूण कोणी सांगितलेली नव्हती. सांगणारी एक गेली होती आणि दुसरी कधी बोलली नव्हती.

थोरली आली होती. आधी त्याचाच आनंद तिच्या डोळ्यांतून वाहिला. पुतणी घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली. पण त्या आनंदामागून दुसरी गोष्ट आली. मेलेली माणसं येतात तर. आली की कळतं, असं कळतं, की लाकूड हातातून पडावं. म्हणजे आजवर तिच्या हाताला जेव्हा जेव्हा नुसतं लाकूड लागलं, तेव्हा तेव्हा कोणी आलेलंच नव्हतं. आणि ते सगळे दोर पुलावर होते.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा नवा दोर चढला. गाव कान देऊन उभं राहिलं, आणि सगळ्यांना तो सूर उतरल्यासारखा वाटला. माणसं आनंदाने घरी जेवायला गेली. मधली तिथेच राहिली. तिला वेगळं ऐकू येत होतं. तो एक मोठा सूर गेला होता खरा, पण त्याच्याखाली दडलेले बाकीचे आता सुटे झाले होते. एक जाडसर, म्हाताऱ्याचा. एक किनरा. एक थांबून थांबून येणारा, लहान मुलाचा असावा असा. तिने पुलावर पाय ठेवला आणि एकेका दोराला हात लावत पुढे गेली. प्रत्येक दोर तिने ओळखला.

तेवढ्यात समोरून गवंडी आला, शहरातलं काम उरकून. उजवा हात दोरावर, डावा खिशात. मधलीला वाट देत तो पुढे गेला, आणि ती त्याच्या पाठमोऱ्या खिशाकडे बघतच राहिली. येताना खिशात होता तो डावा हात, आणि डाव्याच अंगाला त्याने आपल्या मेलेल्या गवंडी बापाशी वळलेला दोर होता. जाताना तो दोर कुठल्या अंगाला येई? उजव्या. आणि तिला आठवलं, की जाताना तो उजवा हात खिशात घाली. म्हणजे त्या एका दोराला तो कधीच हात लावत नव्हता. बिस्किटांचा विनोद करणाऱ्या एकाच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

ती त्याच्या मागोमाग गेली. तो दारापुढे बसून चुना लिंपायची करणी धूत होता.

"भाऊजी, तुमच्या वडलांचा दोर परत वळायचा."

का, असं त्याने विचारलं नाही. करणी स्वच्छ झाली तरी तो तीवर पाणी ओतत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कधी याल असं वाटलं नव्हतं, वहिनी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला समोरचं काय कळणार? मला माझं माहीत होतं. माझं बोलून संपलंच नव्हतं त्या दिवशी. बापाला शिव्याच घालत होतो मी. खरं बोलायचं ते पुढे होतं. तुम्हाला माझी दया आली आणि तुम्ही दार उघडून आला म्हणालात. लोक मिठ्या मारायला लागले. मग आत जाऊन परत दांडा कसा धरू? कोणाला सांगू?"

मधली त्याच्याशेजारी खाली बसली. आपल्या दयेने माणसांच्या बोलण्यावर दार लावलं, हे तिच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. थोरलीने "नाही आला" म्हटलं तेव्हा तिला बहुधा एवढंच म्हणायचं होतं, की अजून फिरव.

"आणि या वेळी नाही आला तर?" गवंड्याने विचारलं.

"तर नाही म्हणून सांगू. तुम्ही उद्या परत उभे राहा. मी बाहेर बसून राहीन. लाकूड पोरीकडे असेल, माझ्याकडे नाही. तुमचं झालं की बाकीच्यांकडे जायचंय मला, घरोघरी."

"लोक तुम्हाला काय काय बोलतील."

"बोलू देत. दोर आहे की वळायला."

गवंड्याने हात धुतले, बाहीला पुसले आणि उठला. पुतणी लाकूड घेऊन आली. उन्हं अजून चांगली होती, अंगणात कोणी धान्य पाखडत होतं. मधलीने दोरघराची कडी काढली.

समोरच्या टोकाच्या फिरकीवर कौलातलं ऊन सरकून आलं होतं. सकाळी तिने स्वतः पुसलेल्या त्या दांड्यावर चुन्याची पांढरी बोटं उमटलेली होती. मोठी, जाड, गवंडीकाम करणाऱ्याची बोटं. कोणीतरी दांडा घट्ट धरून फार वेळ उभं राहावं तशी.

गवंड्याने आपल्या हातांकडे पाहिलं. ते ओले होते आणि स्वच्छ होते.

पुतणीने कानात बोळे घातले. मधली मागे सरकून दाराबाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं. आतून फिरकी कुरकुरली, आणि मग गवंड्याचा आवाज आला. तो बाहेरही ऐकू येत होता, इतका मोठा.

"बाबा, त्या दिवशी अर्धंच राहिलं."

मधली उंबऱ्यापाशी बसली. आत आता दोन फिरक्या कुरकुरत होत्या.